पिशवीबरोबर आणखी काय गेले?

जून २०२२ मधली गोष्ट. औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात आम्ही राहतो. त्यावेळी आमच्या वस्तीला आठ दिवसांआड पाणी येत असे, आणि पाणी आले की घरातल्या साऱ्या बायका झोपेतून उठून नळावर. त्या पहाटे मी मोरीत होते. माझी आई शांत बसणारी नाही. तिने अर्धी भरलेली बादली उचलली आणि "गेले गं माय" म्हणून तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. पाठीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला असे ती आजही सांगते.

आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. उसण भरली असेल म्हणून शेजारच्या मावशींनी तेल चोळले. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. मी कॉलेजच्या कार्यालयात लिपिक आहे, तो ॲडमिशनचा हंगाम होता, रजा मिळण्यासारखी नव्हती. अशा रीतीने तीन आठवडे गेले. आई रात्री कुशीवर वळताना तोंडात पदर कोंबायची. आवाज येऊ नये म्हणून. हे मला माझ्या मुलीने सांगितले, मी स्वतः होऊन पाहिले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.

चौथ्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि मला जवळ बोलावले. मणक्यांची रांग दिसत होती. बाकीचे मणके विटेसारखे चौकोनी, एक मात्र पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखा झालेला. "हा आताचा," डॉक्टर म्हणाले. मग बोट वर सरकवून म्हणाले, "आणि हा जुना. हा कधी मोडला ते तुमच्या आईलाही ठाऊक नसेल." त्यांनी विचारले, उंची कमी झाल्यासारखी वाटते का? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन-तीन वर्षांपासून आईचे लुगडे जमिनीवर लोळायला लागले होते. आम्ही तिला चिडवायचो, "आई, नेसायचं विसरलीस का गं?" ती नेसायचे विसरली नव्हती. ती बुटकी होत चालली होती.

मणक्याचा टीबी किंवा दुसरा काही वाईट आजार नाही ना, यासाठी रक्ताच्या तपासण्या झाल्या. कॅल्शियम, मूत्रपिंड, पॅराथायरॉइड, सगळे पाहिले. मग डेक्सा नावाची तपासणी झाली. त्यात माणूस नुसता टेबलावर पडून राहतो आणि यंत्र हाडांची घनता मोजते. धडधाकट तरुण बाईच्या हाडांशी तुलना करून एक आकडा येतो, त्याला टी-स्कोअर म्हणतात. उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे आतून पोकळ व ठिसूळ झालेली. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवली. आईचा आकडा उणे ३.९ होता. मी बी.कॉम. झालेली बाई. उणे आकडा दिसला की तोटा कुठून झाला हे शोधल्याशिवाय मला राहवत नाही.

तोटा कुठून झाला हे डॉक्टरांनी एका प्रश्नात शोधले. "आजी, पाळी कधी थांबली?"

"पिशवी काढली तव्हाच," आई म्हणाली. "तवापासून काही नाही."

"किती वर्षांच्या होतात?"

आईला वय सांगता येत नाही. ती म्हणाली, "ही चौथीत होती." म्हणजे मी. म्हणजे १९९१. आईचा जन्म कागदोपत्री १९५७चा. चौतीस वर्षांची होती.

डॉक्टरांनी विचारले, कागद आहे का? मला वाटले, एकतीस वर्षांपूर्वीचा कागद कुठला असायला! पण आमच्या आईच्या पिढीने एक गोष्ट पक्की केली होती. कागद फेकायचा नाही. वाचता येवो न येवो, कागद जपायचा. घरी येऊन तिने पत्र्याची ट्रंक उघडली. जातीचा दाखला, वडिलांचे मृत्यूपत्र म्हणजे मृत्यूचा दाखला, माझी मार्कशीट, आणि त्याच्या खाली खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो कागद. चार घड्या पडलेल्या, शाई तांबूस झालेली.

आता त्या ऑपरेशनची गोष्ट सांगते. आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, मुकादमाची उचल आधीच अंगावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार आणि डोक्यावर घेऊन गाडी भरणार. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जाणार. खोपीत ना न्हाणी ना संडास. पाळीतही बाईला उभे राहावेच लागे. आईला अंगावरून पांढरे जायचे, ओटीपोट दुखायचे. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात दाखवले तर तिथे सांगितले, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका, मुले तर झालीच आहेत. कॅन्सरचा शब्द ऐकल्यावर कोणती बाई दुसरा विचार करील? मुकादमाकडून आणखी उचल घेतली. आईने अंगठा दिला. दोन महिन्यांत ती पुन्हा फडात होती. बाकीच्या बायका तिला म्हणायच्या, सुटलीस बाई, दर महिन्याची कटकट गेली.

हे एकट्या माझ्या आईचे नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, विधिमंडळात गाजली, आणि शासनाला समिती नेमावी लागली. तेव्हाच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकी चाळिशीच्या आतल्या. ती बातमी मी मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली होती. घरी आल्यावर आईला विचारायचे मात्र मला सुचले नव्हते.

डॉक्टरांनी कागद वाचला. इंग्रजीत दोन संक्षेप होते, टीएएच आणि बीएसओ. पहिल्याचा अर्थ गर्भपिशवी काढली. दुसऱ्याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयेही काढली.

"अंडाशये काढली हे तुम्हाला सांगितलं होतं का?"

आईने माझ्याकडे पाहिले. तिला अंडाशय हा शब्दच माहीत नव्हता. मी तिला आमच्या बोलीत समजावले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मी तर पिशवीचेच पैसे दिले व्हते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि आम्हा दोघींना जे सांगितले ते मी घरी येऊन वहीत लिहून काढले, नंतर दुसऱ्या डॉक्टर ताईंकडून तपासूनही घेतले. भगिनींनो, ते असे आहे.

हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नाही. त्यात रोज थोडी मोडतोड होते आणि रोज थोडी बांधणी होते. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. मोडणाऱ्यांना आवर घालायचे मोठे काम इस्ट्रोजेन नावाचा हार्मोन करतो, आणि बाईच्या अंगात तो मुख्यतः अंडाशयांत तयार होतो. पाळी जाते तेव्हा तो ओसरतो आणि पुढची काही वर्षे हाडांची झीज झपाट्याने होते. फुलर अल्ब्राइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४०च्या सुमारास हा संबंध दाखवून दिला होता. आपल्याकडच्या बायकांची पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. पण दोन्ही अंडाशये काढली की हे सगळे हळूहळू होत नाही, एका दिवसात होते. माझ्या आईच्या शरीरात चौतिसाव्या वर्षी म्हातारपणाची झीज सुरू झाली, आणि डोक्यावर मोळी होतीच. दुपारी अंगाची लाही व्हायची, रात्री घामाने लुगडे भिजायचे, हे तिने सांगितले होते. आम्ही म्हणायचो, उन्हाची बाधा.

आणि इथे माझ्या मनाला सर्वात जास्त लागलेली गोष्ट. यावर उपाय होता. त्यावेळीही होता. इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत १९४२ पासून विकल्या जात होत्या, गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेल्या. चाळिशीच्या आत अंडाशये काढलेल्या बाईला, दुसरे काही कारण आड येत नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत तो हार्मोन बाहेरून द्यावा असे वैद्यकशास्त्र सांगते. जे काढून घेतले ते काही वर्षे भरून द्यायचे, एवढा साधा हिशोब. आईला टाके काढताना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले.

"मग आता द्या की त्या गोळ्या," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, आता नाही. मग त्यांनी २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाची हकीकत सांगितली. त्याचे नाव विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. पाळी गेलेल्या १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनची गोळी दिली, निम्म्यांना नुसती दिसायला सारखी गोळी. सव्वापाच वर्षांनी अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला खुब्याची पाच हाडे मोडायची वाचली, पण स्तनाचे कॅन्सर आठ वाढले, पक्षाघात आठ वाढले, फुप्फुसात गुठळी अडकण्याचे प्रकार आठ वाढले, हृदयविकाराचे झटके सात वाढले. पिशवी नसलेल्या बायकांना प्रोजेस्टिन लागत नाही, त्यांना एकटे इस्ट्रोजेन देऊन वेगळा अभ्यास झाला. तोही २००४ साली थांबवला, कारण पक्षाघात वाढले. त्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता हेही सांगितले पाहिजे. या बातमीने जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पुढे नीट पाहिल्यावर लक्षात आले की त्या अभ्यासातल्या पुष्कळ बायका साठीच्या पुढच्या होत्या. पन्नाशीतल्या, पाळी नुकतीच गेलेल्या बाईला हीच गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत चालू शकते. पासष्टीच्या बाईला, पाळी जाऊन तीस वर्षे झाल्यावर, नव्याने सुरू करणे धोक्याचे.

म्हणजे जे औषध माझ्या आईला १९९१ साली हवे होते ते २०२२ मध्ये देता येत नव्हते. गाडी येऊन गेली होती आणि आम्हाला स्टेशनच ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी दुसऱ्या हार्मोनचे नाव काढले. टेरिपॅराटाइड. आपल्या गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातले कॅल्शियम कमी झाले की त्यांचा हार्मोन हाडातून कॅल्शियम काढून रक्तात सोडतो. तो सतत जास्त राहिला तर हाडे पोखरून निघतात. मी लगेच विचारले, मग हाडे पोखरणाराच हार्मोन का देता? ते म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, गंमत तिथेच आहे. तोच हार्मोन दिवसातून एकदाच, थोडासा दिला आणि काही तासांत अंगातून ओसरू दिला, तर हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. मूळ हार्मोन ८४ कड्यांची साखळी, त्यातल्या पहिल्या ३४ कड्या म्हणजे हे औषध. जिवाणूंकडून तयार करून घेतात. रोज २० मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटावर कातडीखाली सुई. २००१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आधीच मणका मोडलेल्या १,६३७ बायका होत्या. औषध न मिळालेल्यांपैकी शंभरात चौदा जणींचा आणखी मणका मोडला, रोज २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांपैकी शंभरात पाच जणींचा.

उंदरांना हे औषध भरपूर देऊन पाहिले तेव्हा त्यांना हाडाचा कॅन्सर झाला होता. म्हणून २००२ साली अमेरिकेत परवानगी देताना खोक्यावर ठळक इशारा छापायला लावला. माणसांत पुढच्या वर्षांत तसा धोका वाढलेला दिसला नाही, म्हणून तो ठळक इशारा २०२० साली काढला. तरी हाडाचा कॅन्सर झालेल्यांना, हाडांवर रेडिएशन घेतलेल्यांना, रक्तात कॅल्शियम जास्त असलेल्यांना हे देत नाहीत. आणि सहसा दोन वर्षांच्या वर देत नाहीत.

खर्च विचारला. एक पेन २८ दिवस पुरते आणि आम्हाला ४,६०० रुपयांना पडणार होते. लोक म्हणतात महिन्याला एक, पण तसा हिशोब चुकतो. वर्षाला १३ पेन होतात, दोन वर्षांना २६. एकूण १,१९,६०० रुपये, वर सुया वेगळ्या. डॉक्टरांनी स्वस्त मार्गही सांगितले, लपवले नाहीत. आठवड्याला एक ७० मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेटची गोळी, किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन. ही औषधे हार्मोन नाहीत, ती हाडाची मोडतोड थांबवतात. "पैसे नसतील तर तीच सुरू करू, त्यानेही फायदा आहे. पण दोन मणके मोडलेत आणि आकडा इतका खाली आहे, तर आधी बांधावं आणि मग राखावं, असं मला वाटतं."

घरी बैठक बसली. धाकटा भाऊ रिक्षा चालवतो, त्याने सरळ विचारले, "आक्का, पासष्टीत हाडं बांधून काय करायचं?" मला त्याचा राग आला, पण त्याच्या अंगावर रिक्षाचा हप्ता होता हेही खरे. आई म्हणाली, "मला नको ती सुई. नातवाच्या फीला लावा." माझे मिस्टर फार बोलत नाहीत. ते म्हणाले, यांनी डोक्यावर मोळ्या वाहिल्या म्हणून तुझे बी.कॉम. झाले, त्याची किंमत काढ आणि मग वजाबाकी कर. मी भिशी उचलली. १० जुलै २०२२ ला पहिली सुई मी स्वतः दिली. माझाच हात थरथरत होता. आई म्हणाली, "मुंगी चावली."

पहिल्या आठवड्यात सुईनंतर तिला चक्कर यायची, म्हणून झोपायच्या वेळी द्यायला लागलो. पोटऱ्यांत गोळे यायचे. पेन फ्रिजमध्ये ठेवावे लागते, पण गोठू द्यायचे नाही. हे मी सगळ्यांना सांगितले होते, भाच्याला सोडून. त्याने कुल्फीला जागा करताना नवे पेन वरच्या बर्फाच्या कप्प्यात सारले. सकाळी बर्फ झालेले पेन हातात घेऊन मी मेडिकलवाल्याला विचारले, वितळवून चालेल का? तो म्हणाला, ताई, फेकून द्या. ४,६०० रुपये कचऱ्यात टाकताना काय वाटते ते पगारी माणसालाच कळेल. त्यानंतर गावाकडे लग्नाला गेलो तेव्हा पेन बर्फाला थेट लागू न देता, रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये नेले. एसटीत बाजूच्या बाईने विचारले, काय आहे? आई ऐटीत म्हणाली, "माझी हाडं."

आता माझ्या चुकीचे सांगते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत आठ पेन झाली. आईचे दुखणे खूप कमी झाले होते. ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येत होती. त्याच महिन्यात मुलीची क्लासची फी आली, भाऊ म्हणाला बरी झाली की आता, आई तर वाटच बघत होती. डॉक्टरांना न विचारता आम्ही सुई बंद केली. गोळीही नाही, सलाईनही नाही. मी मनाशी हिशोब केला, आठ पेनांचे हाड तर जमा झाले, ते कुठे जाणार?

जूनमध्ये दुसऱ्याच कामासाठी डॉक्टरांकडे गेले आणि सहज सांगितले. इतके शांत गृहस्थ, पण त्या दिवशी ते माझ्यावर ओरडले. "तुम्ही शिकलेल्या आहात ना?" ते म्हणाले, या औषधाने बांधलेले हाड नवे असते. त्यावर राखणीचे औषध दिले नाही तर काही महिन्यांतच ते झिजायला लागते, आणि तुमच्या आईच्या अंगात राखण करायला इस्ट्रोजेनचा थेंब नाही. मी चार महिन्यांची वाट लावली होती. मी पैसे वाचवले असे समजत होते. त्या अवधीत आठ पेनांपैकी किती पेन विरघळली कोण जाणे! भावाला दोष द्यायची सोय होती. पण औषधाची वही माझ्या हातात होती.

पुन्हा सुरू केले. उरलेली अठरा पेन नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याच महिन्यात मूत्रपिंडाची तपासणी करून, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम ठीक आहे हे पाहून, झोलेड्रोनिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची पहिली सलाईन दिली. त्या रात्री तिला ताप भरला, अंग मोडून आले. ते होते असे आधी सांगितलेले होते, दोन दिवसांत उतरले. डेक्साचा आकडा उणे ३.९ चा उणे ३.१ झाला होता. ताळेबंद अजून तोट्यातच आहे, पण नवा मणका मोडलेला नाही. दुसरी सलाईन नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली.

मधे एक गोष्ट राहिली. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या मुलाने कुठून तरी ऐकून नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा फवारा आणला होता. तोही हार्मोनच. माणसाच्या अंगात असतो, पण औषधातला सामन माशाच्या हार्मोनसारखा असतो. तो दीर्घकाळ घेतल्याने कॅन्सरचा धोका थोडा वाढतो असे दिसल्याने युरोपच्या औषध संस्थेने २०१२ सालीच हाडांच्या ठिसूळपणासाठी तो वापरू नये असे सांगितले. मुलाची माया खरी, पण औषध ऐकीव. त्याला मी डॉक्टरांकडे पाठवले. तसेच त्या व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या. आठवड्याला एक सांगितलेली असते आणि लोक बरे वाटते म्हणून रोज खातात. जास्त झाली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

गेल्या वर्षी माझी स्वतःची पाळी बिघडली. जास्त जायला लागले. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, छोटी गाठ निघाली, आणि समोरच्या बाईंनी वर न बघता सांगितले, "काढून टाका ना, आता काय उपयोग आहे पिशवीचा?" माझ्या कानात १९९१ साल वाजले. मी विचारले, "अंडाशये ठेवणार का?" तेव्हा त्यांनी वर बघितले. मी कागद घेऊन दुसरीकडे गेले. तिथे गोळ्यांवर भागले. कुणाकुणाला ऑपरेशन खरोखरच लागते, त्यांनी ते टाळावे असे मी म्हणत नाही. पण टेबलावर जाण्याआधी हा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्या महिला मंडळाची बैठक समाज मंदिरात दर दुसऱ्या रविवारी होते. तिथे मी ही सगळी हकीकत सांगितली, माझ्या चुकीसकट. बायका गप्प होत्या. मग एकीने विचारले, "ताई, माझी पण काढलीय. काय काय काढलं ते कसं कळणार?" मी बोलायच्या आत आई मागून म्हणाली, "कागद आण. ट्रंकेत बघ, तळाला."

पुढच्या बैठकीला अकरा जणी कागद घेऊन आल्या. चौघींचे कागद सापडलेच नाहीत, त्यांना सोनोग्राफीत पाहून घ्यायला सांगितले. ओळखीच्या डॉक्टर ताई आल्या होत्या, त्या एकेक वाचत होत्या आणि मी वहीत रकाने भरत होते. नाव, ऑपरेशनचे साल, तेव्हाचे वय, काय काढले. सहा जणींची दोन्ही अंडाशये गेलेली निघाली. त्यातली एक अवघी छत्तीस वर्षांची, ऑपरेशन होऊन दोनच वर्षे झालेली. तिच्यासाठी डॉक्टर ताईंनी तिथेच चिठ्ठी लिहिली, कारण तिच्यासाठी गाडी अजून गेलेली नव्हती.

शेवटी आमच्या मागच्या गल्लीतली एक भाजीवाली उरली. चाळिशीची. कागद तेलकट झालेला, अक्षर पुसट. डॉक्टर ताईंनी चष्मा काढून डोळ्याजवळ धरला. ती बिचारी हात जोडूनच बसली होती.

"टीएएच," त्या म्हणाल्या. "पुढे काही नाही. दोन्ही अंडाशये ठेवली आहेत. थोडी लवकर थकतील, लक्ष ठेवू. पण आहेत."

तिला त्यातले किती कळले माहीत नाही. ती माझ्या आईकडे बघत होती. आईने मान हलवली आणि तिच्या हातात कागद नीट चार घड्या घालून दिला.